प्रश्नोत्तरे : आधी तारीख, मग प्रतिकृती

युद्धनौकांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करणाऱ्या आणि त्यानिमित्ताने नौदलाच्या इतिहासात शिरलेल्या वाचकांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक प्रश्न वरवर पाहता रंगाचे, आकाराचे किंवा साहित्याचे आहेत; परंतु त्यांतील जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर एकाच ठिकाणी येऊन ठेपते, ते म्हणजे आपण कोणती नौका आणि तिच्या आयुष्यातील नेमका कोणता काळ दाखवणार आहोत. युद्धनौका तीस-पस्तीस वर्षे सेवेत राहते आणि तेवढ्या काळात तिच्या तोफा, रडार, डोलकाठ्या, विमाने आणि रंग एकदा नव्हे, अनेकदा बदलतात. काळ ठरवल्याशिवाय सुरू केलेली प्रतिकृती कितीही सफाईदार झाली, तरी ती प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नसलेल्या नौकेची होण्याचा धोका असतो.

प्रश्न : मला पहिल्या ‘आयएनएस विक्रांत’ची प्रतिकृती करायची आहे. घरात जागा बेताची आहे. १:३५० हे प्रमाण घ्यावे की १:७००? तसेच पुढच्या टोकाला चढ असलेले रूप दाखवावे की सपाट डेक?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : प्रमाणाचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी संपवू. विक्रांतची एकूण लांबी ७०० फूट, म्हणजे सुमारे २१३ मीटर होती. त्यामुळे १:७०० प्रमाणात ती बरोबर एक फूट आणि १:३५० प्रमाणात दोन फूट भरते. एक फुटाची नौका पुस्तकांच्या कपाटात सहज मावते. दोन फुटांच्या नौकेला काचेची पेटी धरून स्वतंत्र फळी लागते. मात्र विक्रांत ही विमानवाहू नौका असल्याने केवळ जागेचा विचार करून चालणार नाही. तिच्यावरील सी हॉक विमानाच्या पंखांची रुंदी सुमारे १२ मीटर होती. १:७०० मध्ये ते विमान पावणेदोन सेंटिमीटरचे होते आणि त्याचे दुमडलेले पंख, चाके, डेकवर उतरताना तार पकडणारा शेपटीचा हुक हे सर्व चिमट्याने हाताळावे लागते. आपली नजर आणि हात यांची सवय लक्षात घेऊन निर्णय घ्यावा. पहिलीच प्रतिकृती असेल तर मी १:३५० सुचवेन, कारण चुकलेला भाग सुधारण्याची संधी त्या आकारात मिळते.

आता मुख्य प्रश्न. सपाट डेक की चढ, ही केवळ आवडीची बाब नाही. त्या दोन वेगवेगळ्या काळांतील दोन वेगवेगळ्या नौका आहेत. या नौकेची बांधणी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील टाइन नदीकाठी ‘हर्क्युलिस’ या नावाने सुरू झाली, सप्टेंबर १९४५ मध्ये तिचे जलावतरण झाले आणि युद्ध संपल्यामुळे काम अर्धवट राहिले. भारताने १९५७ मध्ये ती विकत घेतली, बेलफास्ट येथे तिरक्या उड्डाणपट्टीसह आणि विमानाला वेगाने पुढे फेकणाऱ्या, वाफेवर चालणाऱ्या कॅटापल्टसह ती पूर्ण करून घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबईत पोहोचली. तेव्हापासून १९७१ च्या युद्धापर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे तिचे पुढचे टोक सपाट होते. तिच्यावर सी हॉक ही लढाऊ विमाने आणि पाणबुड्यांचा माग काढणारी अलिझे विमाने असत. सी हॅरियर विमाने आली ती १९८३ मध्ये. त्यांच्यासाठी आवश्यक असलेला पुढचा चढ त्याहून उशिरा, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बसवण्यात आला आणि त्या वेळी कॅटापल्ट काढून टाकण्यात आले. म्हणून चढ असलेल्या डेकवर सी हॉक किंवा अलिझे उभे करणे ही इतिहासाच्या दृष्टीने सरळ चूक ठरते, आणि दुर्दैवाने अनेक सुबक प्रतिकृतींमध्ये ती आढळते.

छायाचित्रांच्या बाबतीतही सावध राहावे. ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाल्यावर विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. संग्रहालयाच्या काळातील रंगीत छायाचित्रे मुबलक मिळतात, स्पष्टही असतात, परंतु ती शेवटच्या रूपाची आहेत. त्यांवरून १९७१ ची नौका उभी करणे म्हणजे माणसाच्या उतारवयातील छायाचित्रावरून त्याच्या तरुणपणाचे चित्र काढण्यासारखे आहे. आयलंडचा, म्हणजे डेकच्या बाजूला उभ्या असलेल्या मनोऱ्यासारख्या बांधकामाचा मूळ आकार, बाजूच्या कडांची वळणे, लिफ्टच्या जागा यांसाठी ती उपयोगी पडतील. रडार, तोफा आणि डेकच्या पुढच्या भागासाठी मात्र १९६० आणि १९७० च्या दशकांतील कृष्णधवल छायाचित्रांचाच आधार घ्यावा.

आणखी एक सूचना. तयार किट न मिळाल्यास तिच्या भगिनी-नौकेचे किट घेऊन ते बदलण्याचा मार्ग असतो. मॅजेस्टिक वर्गातील सहा नौकांपैकी ऑस्ट्रेलियाची ‘मेलबर्न’, कॅनडाची ‘बोनाव्हेंचर’ आणि आपली ‘विक्रांत’ या तिघींना तिरकी उड्डाणपट्टी मिळाली. खालचे शरीर सारखे असले तरी प्रत्येक देशाने वरची मांडणी आपल्या गरजेनुसार करून घेतली. त्यामुळे आयलंड आणि डोलकाठी नव्याने बांधण्याची तयारी ठेवूनच अशा किटवर पैसे खर्च करावेत.

आपल्या पत्रात तारखेचा उल्लेख नाही, म्हणून मी स्वतः एक सुचवतो. डिसेंबर १९७१ चा पहिला पंधरवडा निवडावा. ४ डिसेंबरपासून विक्रांतच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथील लक्ष्यांवर हल्ले केले. त्या काळात तिच्या चार बॉयलरपैकी एकात तडे गेल्याने तो वापरता येत नव्हता आणि वेगावर मर्यादा आली होती. विमान सोडताना डेकवरून वाहणारा वारा जितका जास्त तितके उड्डाण सुरक्षित, त्यामुळे कमी वेग ही विमानवाहू नौकेची मोठी अडचण असते. तरीही त्या नौकेने आणि तिच्यावरील वैमानिकांनी मोहीम पार पाडली. आपण प्रतिकृती समुद्राच्या देखाव्यात बसवणार असाल, तर नाळेपुढे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापुढे, उसळणाऱ्या पांढऱ्या फेसाच्या मोठाल्या लाटा टाळाव्यात. नौकेने कापलेल्या पाण्याची माफक रेघ आणि डेकवर उड्डाणासाठी सज्ज असलेली सी हॉक विमाने एवढ्याने त्या दिवसांची खरी स्थिती दिसेल. ही विमाने प्रत्यक्ष पाहून मापे घ्यायची असतील, तर गोव्यातील बोगमाळो येथील नौदलाच्या विमान संग्रहालयाला भेट द्यावी. सी हॉक आणि अलिझे ही दोन्ही विमाने तेथे जतन केलेली आहेत.

प्रश्न : मी इयत्ता नववीत आहे. सुट्टीत आईबाबांबरोबर कारवारला ‘आयएनएस चपल’ ही क्षेपणास्त्र नौका पाहिली. कराचीवर हल्ला करणाऱ्या नौकांची प्रतिकृती मला प्लॅस्टिकच्या शीटपासून करायची आहे. चपलची मापे वापरली तर चालतील का?
— एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : तू प्रत्यक्ष नौका पाहून मगच काम सुरू करत आहेस, हे फार योग्य आहे. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘बरीचशी चालतील, पण सर्व नाहीत’ असे आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चालून गेलेल्या तीन क्षेपणास्त्र नौका होत्या निपात, निर्घात आणि वीर. त्यांच्या सोबतीला किल्तान आणि कच्छल या दोन मोठ्या नौका होत्या. निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली, तर वीरच्या क्षेपणास्त्राने ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडाली. या तिन्ही नौका सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या ओसा वर्गाच्या पहिल्या प्रकारातील होत्या. चपल ही त्याच वर्गाच्या दुसऱ्या प्रकारातील असून ती १९७६ मध्ये, म्हणजे युद्धानंतर नौदलात आली. त्यामुळे तिने कराचीच्या हल्ल्यात भाग घेतला असे कोठे ऐकलेस, तर ते बरोबर नाही.

दोन्ही प्रकारांचे शरीर आणि मधली केबिन जवळजवळ सारखीच आहे. लांबी सुमारे ३८.६ मीटर, पुढे आणि मागे ३० मिलिमीटरच्या जोडतोफांचे घुमटाकार बुरूज, मध्ये डोलकाठी आणि रडार. हे सर्व तू कारवारला पाहिलेस ते उपयोगी पडेल. फरक आहे तो क्षेपणास्त्रे ठेवण्याच्या चार कोठ्यांचा. चपलवर त्या लांबट नळकांड्यांसारख्या गोल आहेत, कारण दुसऱ्या प्रकारातील क्षेपणास्त्राचे पंख दुमडता येत. १९७१ च्या नौकांवरील क्षेपणास्त्राचे पंख दुमडत नसत, म्हणून त्यांच्या कोठ्या मोठ्या आणि पेटीसारख्या होत्या. दुरून पाहिल्यावर नौकेची जी आकृती डोळ्यांत भरते, ती या कोठ्यांमुळेच. त्या चुकल्या तर निर्घात निर्घात राहणार नाही.

१:१४४ हे प्रमाण घे. नौका सुमारे २७ सेंटिमीटरची होईल आणि शीट कापायला सोयीचे जाईल. एक मिलिमीटर जाडीच्या शीटमधून आधी उभा मधला कणा आणि आडवे छेद काप, ते चौकटीसारखे जोड आणि त्यावर पातळ शीट चढव. पेटीसारख्या कोठ्यांच्या कडा किंचित गोलसर करायला पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापर. कटर वापरताना मोठे कोणी जवळ असू दे.

प्रश्न : माझे आजोबा नौदलात होते. त्यांच्या संग्रहात १९६० आणि १९७० च्या दशकांतील नौकांची छायाचित्रे आहेत. त्यांवरून रंग ठरवताना मोठा गोंधळ होतो. एका छायाचित्रात राखाडी रंग निळसर दिसतो, दुसऱ्यात चक्क गुलाबीसर. खरा रंग कोणता समजावा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या आजोबांचा संग्रह हा प्रथम जपून ठेवावा असा ऐवज आहे, प्रत्येक छायाचित्राच्या मागे लिहिलेला मजकूर, तारीख आणि बंदराचे नाव यांची आधी स्वतंत्र नोंद करून ठेवावी, कारण प्रतिकृतीच्या दृष्टीने तो मजकूर रंगापेक्षाही मोलाचा असतो.

गुलाबीसर छटेचे कारण रसायनशास्त्रात आहे. त्या काळातील रंगीत छायाचित्रांमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असत आणि त्यांतील निळसर-हिरवे द्रव्य अल्बममध्ये, अंधारात ठेवले तरीही, इतरांपेक्षा लवकर फिकट होत असे. ते गेले की संपूर्ण चित्र तांबूस दिसू लागते आणि राखाडी नौका गुलाबी भासते. यावर एक चांगला उपाय आपल्याच छायाचित्रांत असण्याची शक्यता आहे. चित्रात पांढऱ्या गणवेशातील नौसैनिक उभे असतील, तर तो गणवेश आज कोणत्या छटेचा दिसतो ते पाहावे. संगणकावर तो गणवेश पुन्हा पांढरा होईपर्यंत रंगांचा तोल बदलावा. त्याबरोबर नौकेचा राखाडीही आपल्या मूळ जागेच्या बराच जवळ येतो. सावलीतील गणवेश घेऊ नये, कारण सावलीवर आकाशाचा निळेपणा उतरलेला असतो.

कृष्णधवल छायाचित्रांत वेगळा धोका आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे तांबडा रंग काळा आणि निळा रंग फिकट उमटत असे. नंतरच्या, सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्ममध्ये हा दोष बराच कमी झाला. दुसऱ्या महायुद्धातील नौकांच्या छद्मावरणाचे, म्हणजे शत्रूची नजर चुकवण्यासाठी दिलेले, रंग ठरवताना जे वाद होतात, त्यांतील पुष्कळसे एवढी एक गोष्ट लक्षात घेतली तरी मिटतात. आपल्या छायाचित्रात तिरंगा दिसत असेल, तर त्यातील केशरी पट्टा हिरव्याच्या तुलनेत किती गडद उमटला आहे यावरून फिल्मविषयी अंदाज बांधता येतो.

याशिवाय, दूर उभ्या असलेल्या नौकेकडे पाहताना आपल्या आणि तिच्या मध्ये हवेचा थर असतो आणि रंग फिका भासतो. प्रतिकृती हातभर अंतरावरून पाहिली जाते, म्हणून डबीतला रंग जसाच्या तसा लावला तर तो जड वाटतो. १:३५० मध्ये मूळ रंगात थोडा आणि १:७०० मध्ये त्याहून थोडा जास्त पांढरा मिसळावा. त्याचे ठरीव प्रमाण सांगणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. ज्या खोलीत प्रतिकृती ठेवायची आहे त्या खोलीच्या उजेडात टाकाऊ तुकड्यावर तीन-चार छटा लावून पाहाव्यात आणि डोळ्यांनी निवड करावी. डेक मात्र बाजूंपेक्षा गडद राखावा, नाहीतर संपूर्ण नौका एका रंगात बुडवून काढल्यासारखी दिसते.

प्रश्न : कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराब ही शिडाची युद्धनौका लाकडात करण्याची माझी अनेक वर्षांची इच्छा आहे. तिचे मूळ आराखडे कोठे मिळतील?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : आपल्या इच्छेबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. ज्यावरून फळी न फळी कापता येईल असा मराठा गुराबेचा समकालीन आराखडा उपलब्ध नाही. कोकणातील कारागीर कागदावर रेषा काढून नव्हे, तर परंपरेने आलेल्या प्रमाणांवर आणि नजरेच्या अंदाजावर जहाजे बांधत. नौकाही उरल्या नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्रे यांचे बंदरात उभे असलेले आरमार आगीत भस्मसात झाले. पेशव्यांनीही त्या मोहिमेत इंग्रजांची साथ केली होती, ही गोष्ट मराठी वाचकाला आजही बोचल्यावाचून राहत नाही.

तरीही हात पूर्ण रिकामे नाहीत. अठराव्या शतकातील इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने या नौकांचे बारकाईने केलेले वर्णन उपलब्ध आहे आणि प्रतिकृतीकाराला त्याचा मोठा आधार होतो. त्यानुसार गुराबेला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत; तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंतची असे. लांबीच्या मानाने ती फार रुंद असून मध्यापासून टोकाकडे निमुळती होत जाई आणि पुढे युरोपीय जहाजासारखी उभी गोल नाळ नसून भूमध्य समुद्रातील गॅली या वल्ह्यांच्या जहाजासारखे पुढे झेपावणारे टोक असे. त्या टोकावरून पुढे मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) दोन तोफा आडव्या भिंतीतील झरोक्यांतून डोकावत आणि बाजूंना ६ ते ९ पौंडी तोफा असत. तिच्यासोबतचे गलबत लहान, जास्तीत जास्त सुमारे ७० टनांचे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही, मोठे त्रिकोणी शीड आणि लहान तोफा असत. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत आणि शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीला, म्हणजे त्याच्या बाजूच्या तोफांचा मारा जेथे पोहोचत नसे तेथे, नेऊन उभ्या करत. गुराबेच्या पुढच्या दोन तोफांचा अर्थ येथे उलगडतो, आणि म्हणून माझ्या मते प्रतिकृतीत सर्वाधिक काळजी या पुढच्या भागाची घ्यावी. बाजारात मिळणाऱ्या शोभेच्या ‘मराठा’ नौकांना इंग्रजी जहाजाची गोल नाळ आणि नक्षीदार मागची गॅलरी चिकटवलेली असते. त्यामुळे ज्या वैशिष्ट्यावर आंग्र्यांच्या लढण्याची पद्धत उभी होती, तेच नाहीसे होते.

प्रमाण १:६४ च्या आसपास ठेवावे. लाकूड निवडताना साग घेण्याचा मोह होईल, कारण मूळ नौका सागाच्या असत. परंतु सागाच्या रेषा लहान प्रमाणात फार ठळक दिसतात. हळदू म्हणजे आपल्याकडचा हेदू बारीक पोताचा असून फळ्यांच्या पट्ट्यांसाठी तो उत्तम ठरतो. काम पूर्ण झाल्यावर पाटीवर ‘वर्णनावरून केलेली अंदाजी पुनर्रचना’ असे अवश्य लिहावे. त्याने कामाची किंमत कमी होत नाही. उलट पाहणारा कोणत्या भागावर किती विसंबू शकतो हे त्याला कळते.

आराखड्यांवरून काम करण्याचीच ओढ असेल आणि नौका आपल्याच किनाऱ्यावरची हवी असेल, तर मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’चा विचार करावा. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारच्या सागात बांधलेली ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची शिडाची युद्धनौका, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे. तिच्यासाठी लंडनहून पाठवलेले आराखड्यांचे पहिले पुडके ‘जावा’ या युद्धनौकेवर होते आणि डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने त्या नौकेचा पराभव केल्याने ते मुंबईपर्यंत पोहोचलेच नाही, दुसरी प्रत पाठवावी लागली. आज मात्र त्या वर्गाच्या फ्रिगेटांचे आराखडे ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जपलेले असून त्यांच्या प्रती मागवता येतात.

प्रश्न : आमच्या प्रतिकृतीप्रेमी मित्रांच्या बैठकीत ‘बेंगाल’ या नौकेवरून नेहमी वाद होतो. १९४२ मध्ये जपानी ‘होकोकू मारू’ तिनेच बुडवली असे काही जण म्हणतात. काही जण ते श्रेय डच टँकरला देतात. खरे काय?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ज्या गोष्टींवर दोन्ही बाजूंचे एकमत आहे त्या आधी मांडू. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला रॉयल इंडियन नेव्हीची छोटी नौका ‘बेंगाल’ ही ‘ओंडिना’ या डच टँकरला सोबत करत असताना होकोकू मारू आणि आयकोकू मारू या दोन जपानी सशस्त्र व्यापारी जहाजांनी त्यांना गाठले. जपानी जहाजांवर १४ सेंटिमीटरच्या अनेक तोफा होत्या. बेंगालवर एकच १२ पौंडी तोफ आणि ओंडिनावर एकच ४ इंची तोफ. पळून जाण्याऐवजी बेंगालच्या कप्तानाने शत्रूच्या दिशेने नौका वळवली. थोड्याच वेळात होकोकू मारूवर आग लागली, मोठे स्फोट झाले आणि ती बुडाली. ओंडिनाचा कप्तान मारला गेला, पण ते जहाज बुडाले नाही, बेंगालही वाचली.

नेमका कोणाचा गोळा लागला, यावर दोन्ही नौकांनी आपापला दावा सांगितला आणि तो वाद आजवर चालत आला आहे. ४ इंची गोळा १२ पौंडी गोळ्यापेक्षा बराच जड असतो, म्हणून केवळ तोफेच्या ताकदीचा विचार केला तर पारडे ओंडिनाकडे झुकते आणि माझेही मत तसेच आहे. परंतु आगीचा भडका ज्या ठिकाणी उडाला तेथे लहान गोळाही पुरेसा ठरू शकतो, त्यामुळे हे मत मी निर्णय म्हणून मांडणार नाही. आपल्या बैठकीत एक गोष्ट मात्र ठामपणे सांगावी : श्रेय कोणाच्याही गोळ्याला दिले, तरी आपल्याहून कितीतरी मोठ्या दोन जहाजांवर एकुलत्या एक तोफेनिशी चालून जाण्याच्या त्या निर्णयाचे मोल तसूभरही घटत नाही.

बेंगालची प्रतिकृती करणाऱ्यांसाठी दोन ओळी. ती ऑस्ट्रेलियात बांधलेल्या बाथर्स्ट वर्गातील. त्या वर्गाच्या ६० नौकांपैकी बेंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब या चार आपल्या नौदलाच्या वाट्याला आल्या. यांतील बॉम्बे ही ३१ मे १९४२ च्या रात्री, जपानच्या बुटक्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या तेव्हा तेथेच होती. बाथर्स्ट वर्गाची किट घेतल्यास पुढच्या बाजूला बहुधा ४ इंची तोफ दिलेली असते. बेंगाल करायची तर ती काढून १२ पौंडी तोफ बसवावी लागेल. आपल्या वादातील निम्मे मुद्दे त्या एका बदलाशी निगडित आहेत.

प्रश्न : १:३५० प्रमाणातील नौकेच्या दोऱ्या आणि तारा कशाच्या कराव्यात? शिवणाचा दोरा जाड दिसतो.
— एक वाचक, सांगली

उत्तर : दिसणारच. २० मिलिमीटर जाडीची खरी तार १:३५० मध्ये सुमारे ०.०६ मिलिमीटरची होते, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही किंचित बारीक. किटच्या चौकटीचा उरलेला प्लॅस्टिकचा दांडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न लावता, फिरवत गरम करावा आणि मऊ झाल्यावर एकसारखा ताणावा. हवी तितकी बारीक तार मिळते. ती ठिसूळ असते, म्हणून जेथे हात लागण्याची शक्यता आहे तेथे ताणला जाणारा लायक्राचा धागा वापरावा. सर्वच तारा दाखवण्याचा अट्टहास नसावा. छायाचित्रात ज्या दिसतात तेवढ्याच लावाव्यात.

प्रश्न : आमचे घर समुद्राजवळ आहे. पावसाळ्यात प्रतिकृतींवर बुरशी येते, पितळी कठडे काळवंडतात आणि एका जुन्या नौकेच्या शिशाच्या तोफांवर पांढरी भुकटी साचू लागली आहे. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पांढऱ्या भुकटीकडे ताबडतोब लक्ष द्यावे, कारण तो शिशाचा क्षय आहे आणि तो थांबवला नाही तर तोफा हळूहळू पोखरल्या जातात. याचे कारण बहुधा पेटीच्या लाकडात असते. ओकसारखी काही लाकडे, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) आणि काही प्रकारचे गोंद सूक्ष्म प्रमाणात आम्ल बाष्प सोडतात. बंद पेटीत ते साचते आणि दमट हवेत शिशावर त्याची प्रक्रिया होते. ही भुकटी विषारी असल्याने हातमोजे आणि तोंडावर मास्क लावूनच, ओलसर कापडाने ती पुसावी आणि कापड टाकून द्यावे. शिशाचे भाग शक्य असेल तर रेझिनच्या किंवा पितळेच्या भागांनी बदलावेत. शक्य नसेल तर स्वच्छ करून त्यांवर पारदर्शक लॅकरचा थर द्यावा. पेटीचा तळ अॅक्रिलिक शीटचा किंवा रंगवलेल्या धातूच्या पत्र्याचा करावा आणि तिला खालच्या बाजूने जाळी लावलेली लहान छिद्रे ठेवावीत, म्हणजे बाष्प कोंडून राहणार नाही.

पितळी कठडे बसवण्यापूर्वी ते अॅसिटोनने पुसून त्यांवर धातूसाठीचा प्रायमर मारला, तर ते काळवंडत नाहीत. जे आधीच बसवले आहेत त्यांना बारीक ब्रशने रंग देऊन वर मॅट वार्निश लावावे. पावसाळ्यात पेटीच्या तळाशी, नजरेआड, सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. दाणे रंग बदलू लागले की ते ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येतात, मात्र त्यासाठीचे भांडे स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळे असावे. शिडाच्या नौकांना सुती दोरा वापरला असेल तर तो दमट हवेत आखडतो आणि उन्हाळ्यात सैलावतो; पुढील नौकेसाठी पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा.

आपल्याकडे कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत आहे. प्रतिकृतीच्या पेटीत किंवा त्या कपाटात त्या कधीही ठेवू नयेत. किटचे प्लॅस्टिक पॉलिस्टायरिनचे असते आणि या गोळ्यांतील नॅफ्थलीनच्या वाफेने ते मऊ पडून चिकट होते. डोलकाठी वाकलेली आणि रंग सुरकुतलेला दिसेपर्यंत ते लक्षातही येत नाही, आणि त्यानंतर ती नौका दुरुस्त करता येत नाही.